एफएम ट्यूनर : खर्च करण्याआधी जोडणी तपासा

दुकानात, कारखान्यात किंवा घरात ठेवलेला एफएम ट्यूनर खरखर करू लागला की मालक सहसा दोनच उपाय करतो. एक तर तो दुरुस्तीला टाकतो, नाहीतर भंगाराच्या भावात काढतो. पुष्कळदा बिघाड आतल्या सर्किटात नसतोच. ॲन्टेना चुकीची जोडलेली असते किंवा समोरचे एखादे बटण नको त्या जागी असते. सबब, खिशात हात घालण्यापूर्वी पुढील तपासणी याच क्रमाने करावी. ॲन्टेना ठीक नसताना बटणे फिरवत बसणे म्हणजे अंधारात कापडाचा रंग पारखणे होय.

आधी ॲन्टेना

आपल्याकडे एफएम प्रक्षेपण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होते. या लहरींची लांबी सुमारे ३ मीटर असते आणि त्या बऱ्याच अंशी प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर किंवा उंच इमारत आली तर त्या अडतात किंवा आदळून परत फिरतात. म्हणून मीडियम वेव्हचे दूरचे केंद्र रात्री लागते, पण डोंगरापलीकडचे एफएम केंद्र लागेलच असे नाही.

ट्यूनरबरोबर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची चपटी तार मिळते. तिची आडवी बाजू दीड मीटरच्या आसपास, म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीची असते. ही तार गुंडाळून सेटच्या मागे कोंबू नये. ती पूर्ण पसरून, खिडकीजवळ, जमेल तितकी उंच लावावी. तारेची टोके केंद्राच्या दिशेला असली तर संकेत सर्वांत कमी येतो. तारेची लांब बाजू केंद्रासमोर हवी. आडवी लावून समाधान झाले नाही तर उभी लावून पाहावी. लोखंडी कपाट, शटर आणि पत्र्यापासून ती दूर ठेवावी. तार हरवली असेल तर तात्पुरती सोय म्हणून साधारण ७५ सेंटिमीटरची साधी वायरही चालते.

मागच्या जोडणीकडे नीट पाहावे. ३०० ओहम लिहिलेल्या दोन स्क्रूंना चपटी तार जोडावी आणि ७५ ओहमच्या जागी टीव्हीसाठी असते तशी गोल केबल. एकीची जागा दुसरीला द्यायची असेल तर मध्ये बालून नावाचा छोटा जोड लावावा. तो फार महाग नसतो.

मग नेमके केंद्र

काटा फिरवण्याच्या जुन्या ट्यूनरवर पुष्कळदा दोन मीटर असतात. एक संकेताचा जोर दाखवतो, दुसरा काटा मधोमध आला की केंद्र बरोबर लागले असे समजावे. केवळ जोर पाहून थांबू नये. काटा मध्यापासून सरकला की ‘स’ आणि ‘श’ चे उच्चार फाटतात. एएफसी बटण असल्यास केंद्र लावताना ते बंद ठेवावे आणि लागल्यावर सुरू करावे. नाहीतर शेजारचे जोरदार केंद्र काट्याला आपल्याकडे ओढते.

स्टिरिओ की मोनो?

येथेच सर्वाधिक गैरसमज आहे. स्टिरिओचा दिवा लागला म्हणजे आवाज उत्तम, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक दुबळ्या संकेतावर स्टिरिओमध्ये खरखर मोनोपेक्षा सुमारे २० डेसिबलपर्यंत वाढू शकते. मोनो करताच ती एकदम खाली बसते. बातम्या आणि बोलणे ऐकणाऱ्याचे मोनोमध्ये काहीच बिघडत नाही. दुकानात एकच स्पीकर असेल तर स्टिरिओचा फायदाही नाही.

म्यूट आणि लोकल-डीएक्स

म्यूट सुरू असताना ट्यूनर दोन केंद्रांमधली खरखर दाबतो. पण त्याबरोबर दुबळी केंद्रेही गप्प होतात. ‘अमुक केंद्र लागतच नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते. काही ट्यूनरमध्ये मोनो करताच म्यूटही बंद होते, हे ध्यानात ठेवावे.

लोकल-डीएक्स बटणात दूरच्या केंद्रासाठी डीएक्स वापरावे. मनोरा अगदी जवळ असेल तर संकेताचा भार जास्त होतो आणि एकच केंद्र डायलवर दोन-तीन ठिकाणी उमटू लागते. अशा वेळी लोकल करावे.

वाइड-नॅरो बटण असल्यास सहसा वाइडच ठेवावे, आवाज भरीव येतो. आपल्या शहरांतील खासगी केंद्रे ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५ अशी ०.८ च्या अंतराने बसवलेली दिसतात. त्यामुळे नॅरोची गरज क्वचितच पडते. दोन शहरांच्या मध्ये राहणाऱ्यांना मात्र ते उपयोगी पडते.

परदेशातून आणलेला सेट

नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला सेट कोणत्या देशासाठी बनला आहे ते पाहावे. अमेरिकेसाठीचे अनेक डिजिटल ट्यूनर ०.२ च्या पावलाने, म्हणजे १००.९, १०१.१ असे सरकतात. त्यावर पुण्याचे १०१.० नेमके लागणार नाही. काही सेटच्या मागे हे पाऊल बदलण्याचे बटण असते, ते शोधावे. शिवाय असा सेट १२० व्होल्टचा असू शकतो. न पाहता प्लगमध्ये घातला तर जळेल. जपानमधील जुन्या सेटचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असतो. त्यावर आपली बहुतेक केंद्रे येतच नाहीत. तो सेट बिघडलेला नाही, तो आपल्या कामाचा नाही इतकेच. विकत घेताना हे आधी विचारावे.

खरखर बाहेरची की घरातली?

एवढे करूनही आवाज साफ नसेल तर एकेक उपकरण बंद करून पाहावे. हलक्या दर्जाचे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि शिलाई मशीनच्या इलेक्ट्रॉनिक मोटारी यांचा उपद्रव होतो. ज्याचे बटण बंद करताच खरखर थांबेल, दोष त्याचा. ट्यूनर आणि ॲन्टेना त्यापासून दूर न्यावी.

आमच्या बाजारातील एका तयार कपड्यांच्या दुकानदाराने खरखरीला कंटाळून आपला जुना ट्यूनर विकायला काढला होता. सौदा होण्यापूर्वी तार लोखंडी रॅकमागून काढून खिडकीवर पसरली आणि बटण मोनोवर केले. खर्च शून्य. ट्यूनर आजही त्याच दुकानात वाजतो आहे.

इतकी तपासणी करूनही सेट बोलला नाही तर मेकॅनिककडे जरूर जावे. पण काय काय पाहिले ते त्याला सांगावे. ज्याला दोष कोठे नाही हे ठाऊक असते, त्याच्याकडून कोणी फाजील पैसे घेऊ शकत नाही.