नाझीर-व्रत : मुदतीचा संन्यास

यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मशास्त्रांत नवसानें पत्करलेल्या वर्जनांमध्यें नाझीर-व्रत प्रमुख होय. त्याचें मूळ विधान ‘गणना’ नामक ग्रंथाच्या ६ व्या अध्यायांत असून तें स्त्रीपुरुष दोघांसही मोकळें आहे. नियम तीन : द्राक्षाचा कोणताही अंश, मद्यापासून बी व सालीपर्यंत, सेवूं नये; मस्तकास वस्तरा लावूं नये; आणि शवाजवळ, मग तें आईबापांचें कां असेना, जाऊं नये. अकस्मात् विटाळ झाल्यास मागील दिवस व्यर्थ जात. मुदत न बोलल्यास ती ३० दिवसांची धरावी, असा निर्णय इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेंत आहे. आदियाबेनेची राणी हेलेना हिचें सात वर्षांचें व्रत विटाळादि कारणांनीं एकवीस वर्षें चाललें, असेंही तेथें नमूद आहे.

समाप्तीच्या वेळीं जे बळी द्यावयाचे, त्यांत पापबलीही असे. व्रत पाळणाऱ्यानें पाप तें कोणतें केलें? एलाजार हक्कप्पार ह्या आचार्याचें उत्तर असें कीं, मद्यापासून स्वतःस वंचित केलें, हेंच. उलट पक्षीं, व्रतस्थास ‘पवित्र’ म्हणणारें मूळ वचनही आहेच. हा वाद तालमुदांत मिटलेला नाहीं.

व्रताचे केस मंदिरांतील बळीखालच्या अग्नींत जाळावयाचे असत. इ. स. ७० मध्यें मंदिर नष्ट झालें आणि व्रत सोडण्याचें द्वारच बंद झालें. परदेशाहून आलेल्या नाझीरांस मंदिर उध्वस्त दिसलें, तेव्हां नहूम नामक मेदी पंडितानें त्यांस विचारलें, ‘हें ठाऊक असतें तर नवस केला असता काय?’ ‘नाहीं’ म्हणतांच त्यानें त्यांस मोकळें केलें. परंतु इतर आचार्यांनीं ठरविलें कीं, विध्वंसापूर्वीं ज्यानें नवस केला, तो बांधलेलाच.

हें व्रत केवळ ग्रंथांतलें नव्हतें. यरुशलेम येथील स्कोपस टेकडीवर १९६७ सालीं उघडकीस आलेल्या थडग्यांतील एका अस्थिपेटीवर ‘नाझीर योनाथानाचा पुत्र हनन्या’ असा लेख आहे.

आमच्या कोंकणांतील बेने इस्रायल समाजांतही नवसाच्या मुलाचे केस कांहीं वर्षें राखून, ते उतरवितांना त्यांच्या भारोभार नाणें दान करण्याची चाल नोंदलेली आहे. शेजारच्या जावळाच्या विधीशीं तिचें साम्य उघड असल्यानें, तेवढ्यावरून प्राचीन नाझीर-व्रताची अखंड परंपरा सिद्ध होते असें आम्हांस म्हणवत नाहीं. मात्र वेदीच्या अग्नीची जागा येथें दानानें घेतली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. जुन्या घरांतील नवसाच्या नोंदी व दानाच्या वह्या संग्राहकांनीं रद्दी समजून टाकूं नयेत. ह्या प्रश्नाचा निकाल त्यांतूनच लागण्याचा संभव आहे.