बॉस, पायात काय आहे?

शुक्रवारी जीन्सवर स्पोर्ट्स शूज चढवून ऑफिसला गेलात आणि बॉसने आधी तुमच्या पायांकडे, मग चेहऱ्याकडे पाहिलं, असं कधी झालंय? मग हा जर्मन शब्द खास तुमच्यासाठी : 'टुर्नशू'!

पुण्या-मुंबईत जर्मनचे क्लास करणाऱ्यांना तो लगेच ओळखता येईल. 'टुर्नन' म्हणजे जिम्नॅस्टिक्स करणं आणि 'शू' म्हणजे आपला शूच. थोडक्यात, व्यायामाचे बूट. एखादा एकदम फिट असेल, तर जर्मन लोक म्हणतात, 'टुर्नशूसारखा फिट' आहे!

पण हा शब्द दिसतो तितका साधा नाही. नेपोलियनने प्रशियाला हरवलं, त्यानंतर १८११ मध्ये फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने बर्लिनमध्ये तरुणांसाठी खुलं व्यायामाचं मैदान सुरू केलं. 'जिम्नॅस्टिक्स' पडला ग्रीक. यानला हवा होता अस्सल जर्मन शब्द, म्हणून त्याने 'टुर्नन' उचलला. गंमत म्हणजे तोही निघाला लॅटिनच्या घरातला, इंग्लिश 'टर्न'चा चुलतभाऊ! पुढे एकत्र जमणारी ही पोरं सरकारला खुपायला लागली. १८१९ मध्ये यानला अटक झाली आणि प्रशियात टुर्ननवर चक्क बंदी आली. ती उठली १८४२ मध्ये.

या शब्दाचा पुढचा राडा १२ डिसेंबर १९८५चा. हेसन राज्यात ग्रीन पक्षाचे योश्का फिशर मंत्रिपदाची शपथ घ्यायला आले, तेही जीन्स आणि पांढऱ्या टुर्नशूमध्ये! टाय नाही, काही नाही. कुणी नाकं मुरडली, कुणी टाळ्या वाजवल्या. फिशर यांना कायमचं नाव पडलं, 'टुर्नशू मंत्री'. ते शूज आज ओफेनबाखच्या चर्म-संग्रहालयात आहेत.

आणि फिशर? १९९८ ते २००५ ते जर्मनीचे परराष्ट्रमंत्री होते. तेव्हा अंगात मात्र कडक सूट!

आता फॅशनवाली जर्मन मंडळीही सर्रास 'स्नीकर' म्हणतात. त्यात टुर्नशूची ती खुन्नस नाही. स्नीकर तर आज बॉसच्याही पायात असतो.

तेव्हा प्रमोशन झाल्यावर शूज बदलायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त उद्या खुर्ची मोठी झाली, की समोरच्या ज्युनिअरच्या पायांकडे बघण्याआधी स्वतःचे जुने शूज आठवा. काय?