गाठ कॅन्सरची नाही. मग जबडा कापायचा का?

जबड्यावर सूज दिसली की आपल्या वस्तीत दोनच गोष्टी बोलल्या जातात : 'अक्कलदाढ येत असेल' किंवा 'कॅन्सर असेल'. पण हाडात कॅन्सर नसलेल्या गाठीही होतात. अशीच एक दुर्मीळ गाठ म्हणजे अमेलोब्लास्टोमा. दात घडवणाऱ्या पेशींपासून ती होते, बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागे. ती सहसा दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात उशिरा येतो. तोवर हाड आतून पोखरलेले असते.

मग जबडा कापावाच लागतो का? ते गाठीच्या प्रकारावर ठरते. एकाच पिशवीसारखी गाठ जास्त करून तरुणांत आढळते. तिच्यात जबडा वाचवता येऊ शकतो. डॉक्टर तोंडातून पिशवीला छोटी खिडकी पाडून ती उघडी ठेवतात. रुग्णाने घरी सिरिंजने ती रोज धुवायची. काही महिन्यांत पिशवी आकसते, भोवती नवे हाड भरते. मग उरलेली गाठ काढतात. काही वेळा थेट गाठ काढून भोवतालचे हाड थोडे घासतात.

नेहमीचा, हाडात शिरणारा प्रकार मात्र नुसता खरवडला तर परत येण्याचा धोका मोठा. तिथे भोवतालचे साधारण १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडही काढावे लागते. पायाच्या हाडाने जबडा पुन्हा बांधता येतो.

जबडा वाचला म्हणजे सुटलो, असे नाही. ही गाठ ५ वर्षांनी, कधी १० वर्षांनंतरही परत येते. सूज गेली, दुखत नाही, मग रोजंदारी बुडवून एक्स-रेला कोण जाणार? आम्हाला काळजी वाटते ती इथेच. तपासणी सुटली तर वाचवलेला जबडा पुढे गमवावा लागू शकतो.

म्हणून सही करण्याआधी विचारा : बायोप्सीत कोणता प्रकार आला? जबडा वाचवता येईल का? परत येण्याचा धोका किती? तपासणीला किती वर्षे यायचे? काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला की तोही समजून घ्या. त्यावरून पुढचा उपचार बदलू शकतो. सगळे रिपोर्ट आणि एक्स-रे एका पिशवीत जपून ठेवा.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

दोन आठवड्यांत न उतरणारी सूज, विनाकारण हलणारा दात किंवा बधिर झालेला ओठ दिसला, तर घरगुती लेप लावत बसू नका. दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायचा का, ते विचारा.