डोळ्याभोवती (भाग ६) : पापणी उघडेना, तेव्हा

गेल्या आठवड्यात आपण रांजणवाडीबद्दल वाचले. तिथे घाई नसते. गरम शेक देत चार दिवस वाट पाहिली तरी बिघडत नाही. आजचा विषय वेगळा आहे. मधुमेही माणसाची एका बाजूची पापणी अचानक जड होऊन पडू लागली, त्याच बाजूचा गाल ठणकू लागला, नाक चोंदून काळपट स्राव येऊ लागला, तर चार दिवस थांबण्यात डोळा जातो आणि पुष्कळदा माणूसही जातो.

२०२१च्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ हे नाव नांदेड-लातूरच्या घराघरांत पोहोचले. केंद्र सरकारने त्या जुलैमध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आढळले होते आणि ४ हजार ३०० हून अधिक दगावले होते. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रातले होते. साथ ओसरली आणि विषय मागे पडला. आजार मात्र कोविडच्या आधीही होता आणि आजही आहे, कारण त्याचे खरे मूळ बिघडलेल्या साखरेत आहे.

ही बुरशी कुठून दूरवरून येत नाही. माती, शेणखत, कुजका पालापाचोळा, शिळी भाकरी, सगळीकडे तिचे बीजाणू असतात आणि ते रोज आपल्या श्वासातून आत जातात. निरोगी शरीर त्यांना नाकातच संपवते. रक्तातली साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झाले की पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि एरवी प्रथिनांना बांधलेले लोह मोकळे होते. बुरशीला वाढायला नेमके हेच लोह लागते. वरून स्टिरॉइड दिले तर साखर आणखी चढते आणि प्रतिकारशक्ती आणखी दबते.

नाकातून डोळ्यापर्यंतची वाट फार छोटी आहे. डोळ्याची खोबण सात हाडांची बनलेली असते. तिच्यात साधारण ३० मिलिलिटर जागा, त्यातली सात मिलिलिटरच्या आसपास प्रत्यक्ष डोळ्याची. बाकी जागेत स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या. नाकाकडच्या बाजूची भिंत कागदासारखी असते, अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नाही. बुरशी ती सहज ओलांडते. खोबणीच्या मागच्या निमुळत्या टोकाशी सगळ्या नसा दाटीने आत शिरतात. पापणी उचलणाऱ्या स्नायूची नस तिथेच सापडते, म्हणून पापणी पडते. डोळा हलेनासा होतो, एकाचे दोन दिसू लागतात आणि मग नजर जाते. तिथून मेंदू अगदी जवळ आहे.

तपासणीची पहिली पायरी मात्र अवाढव्य यंत्राची नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने नाकातला काळा पडलेला कण काढतात. काचपट्टीवर त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की मांस विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली उरतात ते रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटलेले धागे. अनुभवी डोळ्याला ते थोड्याच वेळात ओळखू येतात. हे धागे रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवतात. रक्त पोहोचत नाही तिथे मांस मरून काळे पडते आणि अॅम्फोटेरिसिनसारखे बुरशीविरोधी औषधही पोहोचत नाही. म्हणून नुसत्या सलाईनवर भागत नाही, मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो.

आता संशोधनाकडे. हैदराबादचे डॉ. संतोष होनावर आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या केंद्रांतून २,८२६ रुग्णांच्या नोंदी जमवून २०२१मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत ७८ टक्के मधुमेही होते. ८७ टक्के रुग्णांना स्टिरॉइड दिले गेले होते, पण ऑक्सिजन लागला होता तो ५७ टक्क्यांनाच. ढोबळ हिशोब केला तरी निदान ३० टक्क्यांना ऑक्सिजनची गरज नसताना स्टिरॉइड मिळाले असे निघते. ऑक्सिजन न लागणाऱ्या कोविड रुग्णांना या औषधाचा फायदा होत नाही, हे ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने २०२०मध्येच दाखवले होते. हे वाचून मला आजही अस्वस्थ व्हायला होते. शिवाय ४४ टक्के रुग्णांत लक्षणे कोविडच्या निदानानंतर चौदा दिवस उलटल्यावर आली, म्हणजे ‘बरा झाला’ म्हणून घरी आल्यावर.

या अभ्यासात तुलनेसाठी बुरशी न झालेले रुग्ण नव्हते. ती उणीव देशातल्या २५ रुग्णालयांच्या दुसऱ्या अभ्यासाने भरून काढली. जानेवारी ते जून २०२१मधले १,७३३ बुरशीचे रुग्ण आणि ३,९११ साधे कोविड रुग्ण त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. मधुमेह आणि स्टिरॉइडची एकूण मात्रा हे धोके अपेक्षितच होते. पण ग्रामीण भागात राहणाऱ्यांतही बुरशीची शक्यता पावणेतीन पटींहून अधिक निघाली. बारा आठवड्यांत ३२ टक्के रुग्ण दगावले. ग्रामीण भागातल्या या वाढीव धोक्याचा अर्थ शेतीमातीला दोष द्यावा असा मी घेत नाही. वर्षानुवर्षे न तपासलेली साखर, गावातल्या गावात मिळणारी ‘ताकदीची’ सुई आणि मोठ्या दवाखान्याचे अंतर हे सगळे त्या एका आकड्यात दडले असावे, असे मला वाटते. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब आहे.

काही प्रश्न अजून सुटलेले नाहीत. खोबण पूर्ण रिकामी केल्याने जीव नक्की वाचतो का, की खोबणीत औषधाचे इंजेक्शन देऊन डोळा राखता येतो, याचा कस लावणारी मोठी तुलनात्मक चाचणी झालेली नाही. तिथे निर्णय रुग्ण पाहूनच घ्यावा लागतो.

पडणारी प्रत्येक पापणी बुरशीची नसते. लकवा, स्नायूंना थकवणारा मायस्थेनिया, मण्यार चावणे, कितीतरी कारणे आहेत. पण यातले कोणतेही घरी बसून पाहण्यासारखे नाही. घरातल्या मधुमेही माणसाची पापणी एकाएकी पडली किंवा डोळ्याभोवती सूज आली, तर मेडिकलवरून थेंब किंवा गोळ्या आणू नका. आधी साखर मोजा आणि त्याच दिवशी नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत न्या. डोळ्यांचे आणि नाकाचे डॉक्टर तिथे एकाच आवारात भेटतात. आणि अलीकडे कोणती सुई, कोणत्या गोळ्या घेतल्या, त्याची चिठ्ठी सोबत ठेवायला विसरू नका.