गिऱ्हाईक आणि दुकानदाराची नजर

महाडहून वरंध घाटाच्या बाजूस निघून आंत वळलें म्हणजे शिवथरची घळ लागते. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं हें स्थळ शोधून काढलें, आणि दासबोधाची जन्मभूमि म्हणून तें पाहण्यास दूरदूरचे लोक येऊं लागले. पावसाळ्यांत धबधब्यासाठीं येणारे निराळेच. अशा गांवीं चहाचें दुकान किंवा उतारूंसाठीं चार खोल्या चालविणाऱ्या गृहस्थास बहुतेक गिऱ्हाईक अनोळखीच भेटणार. मग संशयास्पद गिऱ्हाईक त्यानें ओळखावें तरी कसें?

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी व शेखाडी येथें, १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारींत चोरून शस्त्रें व स्फोटक द्रव्यें उतरविण्यांत आलीं. त्यानंतर १२ मार्च रोजीं मुंबईंत झालेल्या स्फोटांत २५७ माणसें प्राणांस मुकलीं. तो माल कोणाच्याच दृष्टीस पडला नाहीं असें नव्हे. लांच घेऊन तो जाऊं देणारे पोलीस व कस्टम्स खात्याचे लोक पुढें न्यायालयांत दोषी ठरले. ज्यांनीं पाहिलें त्यांनीं सांगितलें नाहीं, हें त्या अनर्थाचें एक कारण होय.

याच्या उलट टोंकाचा अनर्थही आपल्याच राज्यांत घडला आहे. धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं, मुलें पळविणारे आले अशा मोबाइलवर पसरलेल्या अफवेवरून, जमावानें भिक्षेकरी समाजांतील पांच निरपराध माणसांस ठार केलें. त्यांचा अपराध एवढाच कीं, ते परके होते.

तेव्हां पहिला नियम हा कीं, माणूस पाहूं नये, वर्तन पाहावें. वेष, भाषा, धर्म किंवा दारिद्र्य हीं संशयाचीं कारणें नव्हेत. आपल्या धंद्याच्या नेहमींच्या रीतीशीं काय जुळत नाहीं, हें मात्र दुकानदारास इतर कोणाहीपेक्षां चांगलें कळतें. लॉजमध्यें उतरलेला मनुष्य ओळखपत्र दाखविण्याचें टाळतो, बरेच दिवस राहूनही खोली झाडूं देत नाहीं. खतें वा रसायनें मागणारा भरमसाट माल घेतो, पण तो कशाला लागतो हें त्यास सांगतां येत नाहीं, भाव करीत नाहीं आणि पावतीही नको म्हणतो. कोणी गर्दीच्या जागीं पहारा केव्हां बदलतो याची पुनःपुन्हां चौकशी करतो. यांपैकीं एकच गोष्ट दिसली तर तिचा साधा खुलासाही असूं शकतो. दोन-तीन एकत्र आल्या कीं सावध व्हावें.

दुसरा नियम असा कीं, तपास आपण करूं नये. गिऱ्हाइकास अडवूं नये, दरडावूं नये, त्याचें छायाचित्र मोबाइलवर गांवभर फिरवूं नये. वेळ, गाडीचा क्रमांक, बोललेले शब्द, गेलेली दिशा हीं लगेच टिपून ठेवावीं आणि जवळच्या पोलीस ठाण्यास अगर ११२ या क्रमांकावर कळवावें. बेवारशी पिशवी आढळल्यास तिला हात न लावतां लोकांस दूर करावें. जें प्रत्यक्ष पाहिलें तेवढेंच सांगावें. तर्क सांगूं नयेत.

"आणि संशय खोटा ठरला तर?" ही भीति अनेकांचें तोंड बंद करते. १८ ऑगस्ट २०२२ रोजीं हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारशी नौका आढळली. लोकांनीं पोलिसांस कळविलें; झडतींत तीन एके-४७ बंदुका निघाल्या. चौकशीअंतीं ती ऑस्ट्रेलियन मालकीची, इंजिन बिघडल्यामुळें खलाशांनीं सोडलेली व वाहत आलेली नौका असल्याचें सरकारनें विधिमंडळांत सांगितलें. घातपाताचा कट निघाला नाहीं. तरी कळविणारे चुकले असें कोण म्हणेल? ज्याचें काम त्याच्याकडे गेलें, आणि कोणाही निरपराधास इजा न होतां उलगडा झाला.

आपण शहरांतील मंडळी अशा ठिकाणीं पाहुणे म्हणूनच जातों. खोली देतांना मालकानें ओळखपत्र मागितलें, नोंदवहींत नांव लिहावयास सांगितलें, तर कपाळास आंठ्या घालूं नयेत. तो आपल्यावर संशय घेत नसतो; सर्वांस सारखाच लागू असणारा नियम तो पाळीत असतो, आणि आपल्या शेजारच्या खोलींत कोण उतरलें आहे याचीही त्यास खबर असते.