पिकअपच्या हौद्यात सायकल

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, मांद्र्याच्या बाजूला सायकल चालवणाऱ्यांची अडचण साधी आहे. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी हा पट्टा एखाद-दुसरी घाटी सोडली तर सपाट. रस्ते अरुंद, आणि हंगामात भाड्याच्या दुचाकींनी भरलेले. दमदार चढ हवा असेल तर आंबोली किंवा चोर्ला घाट गाठावा लागतो. लाल मातीच्या कच्च्या वाटांवर माउंटन बाइक फिरवायची तर डिचोली-सत्तरीकडे वळावे लागते. तिथवर पॅडल मारत जायचे म्हणजे वाटेत महामार्ग ६६ वरचे अवजड ट्रक आलेच. म्हणून सायकल गाडीवर चढते, आणि ती गाडीवर कशी धरून ठेवायची हा प्रश्न गावातल्या वेल्डिंग शॉपपर्यंत येतो.

दुकानात विकत मिळणारे कॅरिअर आहेतच. त्यातले सर्वांत नावाजलेले नाव थुले. एरिक थुलिन यांनी १९४२ मध्ये स्वीडनमध्ये ही कंपनी काढली तेव्हा ती विकत होती पाईक नावाचा मासा पकडण्याचे सापळे. गाड्यांच्या टपावरचे कॅरिअर तिने साठच्या दशकात बनवायला घेतले. आज असा परदेशी कॅरिअर घ्यायचा तर अनेकदा पंधरा-वीस हजारांच्या पुढे जावे लागते. शिवाय तो ज्या गाड्यांसाठी आखलेला असतो, त्यांत पेडणे तालुक्यातल्या घरांपुढे उभी असलेली बोलेरो पिकअप क्वचितच असते.

गाडीवर काहीबाही चढवून नेणे या भागाला नवे नाही. पेडणे आणि सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपन्यांचे पेटारे एके काळी डोक्यावरून गावोगाव जात, पुढे ते गाडीवर चढले. एसटीच्या टपावरचा कॅरिअर आणि मागची लोखंडी शिडी जुन्या प्रवाशांना आठवत असेल. पोदेराच्या सायकलवरची पावाची टोपली आजही सकाळी दारात येते. स्कूटरच्या मागे मासळीचा क्रेट बसवण्यासाठी केलेला अँगलचा चौकट-कॅरिअर तर इथल्या वेल्डरचे रोजचे काम आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या गॅरेजांचा हात टिपरच्या हौद्यांना पॅच मारण्यात तयार झाला. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तरी हाताला आलेले कसब हातातच राहिले.

आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवले जाते, त्यामुळे स्कूटरच्या बाजूला फळी अडकवायचे आकडेही इथे दिसतात. असा एक आकडा जवळून पाहण्यासारखा असतो. पाऊण इंची गोल पाईप तळाशी वर वळवलेला, त्याला फोम किंवा जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. एक आकडा पुढे पायाजवळ आणि दुसरा मागच्या दांडीपाशी, दोन्ही स्कूटरच्या मूळच्या बोल्टांवर कसलेले. कुठेही भोक पाडलेले नाही की वेल्डिंग केलेले नाही. फळीचे वजन चार-सहा किलो. पण समुद्राकडून वारा सुटला की तीच फळी शिडासारखी स्कूटरला एका बाजूला ओढते. उभ्या गाडीवर जाणवणारा भार एक आणि धावत्या गाडीवरचा दुसरा, हे या आकड्याइतके दुसरे काही स्पष्ट दाखवत नाही. सायकलीच्या स्टँडचे सगळे गणित त्यातच आहे.

पिकअप असेल तर काम निम्मे सोपे. हौदा साधारण अडीच मीटर लांब असतो आणि दोर बांधायचे आकडे त्याला कारखान्यातूनच आलेले असतात. हौद्याच्या आतल्या रुंदीला जेमतेम बसेल असा किंदळीचा किंवा आयनाचा चार बाय दोन इंची वासा आडवा टाकायचा आणि रॅचेटच्या पट्ट्याने त्या आकड्यांना खेचून बांधायचा. वाशावर सायकलीचा पुढचा काटा धरणाऱ्या पकडी बसवायच्या. पुढचे चाक काढून काटा पकडीत घट्ट केला आणि मागच्या चाकाला एक पट्टा बांधला की सायकल हलत नाही.

या पकडी कशा करतात ते नीट सांगायला हवे, कारण सगळी मेख तिथे आहे. क्विक-रिलीजच्या, म्हणजे खटका सोडून चाक काढता येणाऱ्या बहुतेक सायकलींत काट्याच्या दोन पायांमधले आतले अंतर १०० मिमी असते आणि त्यातून जाणारा दांडा ९ मिमीच्या खाचेत बसतो. तेव्हा १० मिमी भोकाचा, बरोबर १०० मिमी लांबीचा पाईपचा तुकडा कापायचा, तो ५ मिमी जाडीच्या पट्टीवर वेल्ड करायचा आणि पट्टी दोन बोल्टांनी वाशाला कसायची. काटा पाईपवर ठेवून आतून क्विक-रिलीजचा दांडा घातला आणि खटका दाबला की झाले. तुकडा दोन मिमी आखूड झाला तर खटका दाबताना काट्याचे पाय आत वाकतात. दोन मिमी लांब झाला तर काटा सहज बसत नाही. कापल्यावर तोंडे कानशीने सरळ करून कॅलिपरने मोजणे इथे टाळता येत नाही. भंगारात क्विक-रिलीजवाल्या सायकलीचा पुढचा हब मिळाला तर अधिकच उत्तम, त्याचे माप आधीच बरोबर असते. नव्या माउंटन बाइकींत १५ मिमीचा जाड दांडा असतो आणि अंतर बहुधा ११० मिमी. त्यांच्यासाठी वेगळा तुकडा करावा लागतो. डिस्क ब्रेक तेलावर चालणारा असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवावा. वाटेत ब्रेकची दांडी दाबली गेली तर पॅड आत येऊन बसतात आणि घाटाच्या पायथ्याशी चाक बसवताना तासभर जातो.

माउंटन बाइकचे हँडल ७४० ते ७८० मिमी रुंद असते. चार सायकली एकाच दिशेने शेजारी-शेजारी उभ्या केल्या तर हँडले एकमेकांत अडकणारच. दोन केबिनकडे तोंड करून आणि दोन मागच्या फळीकडे, अशी उलटसुलट मांडणी केली की जागा पुरते. इसुझू व्ही-क्रॉससारख्या दोन रांगांच्या पिकअपचा हौदा दीड मीटरच्या आसपास असतो. त्यात सायकल आडवी-तिरपी बसवावी लागते किंवा मागच्या फळीवर जाड गादी बांधून पुढचे चाक बाहेर लोंबू द्यावे लागते.

थार, गुरखा, जुनी जिप्सी अशा गाड्यांना हौदाच नाही, तिथे प्रश्न अवघड होतो. स्टेपनी मागच्या दारावर असते, म्हणून स्टेपनीच्याच बोल्टांवर सायकलीचा स्टँड चढवण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. ते दार, त्याची बिजागरे आणि कडी एका चाकाच्या भारासाठी आखलेली असतात. प्रत्येकी १५ किलोच्या दोन सायकली आणि १२ किलोचा स्टँड धरला तर ४२ किलो होतात. हा भार गाडीच्या पाठीपासून ६० सेंटीमीटर बाहेर असला तर मुळाशी पडणारा पीळ एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला २५ किलो टांगल्याएवढा असतो. खड्ड्यात चाक आदळले की तोच क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. डिचोलीच्या कच्च्या वाटेवर असे आदळणे दर काही मीटरला घडते. बिजागर एका धक्क्याने तुटत नाही, ते हळूहळू सैल होते, दार खाली बसते आणि कडी लागेनाशी होते. अशा गाडीला मागच्या बाजूस चॅसिसच्या मूळ भोकांना बोल्टने कसलेला, खालून आधार देणारा स्टँडच योग्य. स्टेपनीने त्याला फार तर टेकू द्यावा.

कुठले लोखंड घ्यायचे यावर वर्कशॉपमध्ये अनेकदा वाद होतो. ‘मजबूत हवे’ म्हणून गिऱ्हाईक भरीव सळई मागते. २५ मिमी चौकोनी भरीव सळईचे वजन मीटरला ४.९ किलो. त्याच मापाच्या २ मिमी जाडीच्या, म्हणजे १४ गेजच्या पोकळ पाईपचे वजन १.४ किलो आणि वाकण्याला विरोध सळईच्या निम्मा. तोच पाईप ४० मिमीचा घेतला तर वजन मीटरला २.४ किलो होते, सळईच्या निम्मेच, आणि ताठरपणा मात्र तिच्या सव्वादोन पट. वाकायला विरोध होतो तो मधल्या लोखंडापेक्षा कडेच्या लोखंडामुळे. म्हणून मुख्य दांड्याला ४० मिमीचा पाईप आणि चाके टेकतात त्या पन्हाळीला हलकी पट्टी, ही वाटणी उत्तम. भरीव लोखंडाने स्टँडचे स्वतःचे वजनच इतके वाढते की धक्क्याचा मारही वाढतो.

तडा जातो तो बहुतेक वेळा वेल्डच्या कडेला. तिथे लोखंड तापून थंड झालेले असते आणि आकारही एकदम बदलतो. उभ्या-आडव्या पाईपच्या कोनात त्रिकोणी पट्टी लावली की भार पसरतो. जिथे सगळ्यात जास्त पीळ पडतो त्या रेषेवर वेल्डची शेवटची टोके येऊ न देणे चांगला वेल्डर न सांगता करतो.

जी.आय. पाईप गंजत नाही म्हणून तो वापरायचा मोह किनाऱ्यावर साहजिक आहे. पण त्यावरचे जस्त ४१९ अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, आणि लोखंड वितळायला १५०० अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणजे वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघणारच. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. जोडाच्या दोन्ही बाजूंचे जस्त ग्राइंडरने घासून काढायचे, काम उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने करायचे, मास्क लावायचा आणि नंतर जोडावर जस्ताचा भरपूर अंश असलेला रंग द्यायचा. साधा काळा पाईप घेऊन रेड ऑक्साइड आणि वर दोन हात रंग दिला तरी चालते, पण मग दरवर्षी पावसाआधी तो तपासायला हवा. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारी हवा असते. पाईपची तोंडे उघडी राहिली तर पाणी आत साचून गंज आतून लागतो आणि बाहेरचा रंग चकचकीत दिसत राहतो. तोंडे बंद करायची आणि सर्वांत खालच्या बाजूला ५-६ मिमीचे भोक ठेवायचे, आत गेलेले पाणी निथळून जाते.

बांधण्यासाठी गाडीच्या जुन्या ट्यूबची पट्टी ही आपल्याकडची हक्काची वस्तू. ती फ्रेमला ओरखडा पाडत नाही आणि धक्का खाते. तरी तिच्यावर एकटीवर भरवसा नको. उन्हाने तिला भेगा पडतात आणि ताणली जाण्याच्या गुणामुळेच सायकल डोलत राहते. मुख्य भार पकडीने किंवा रॅचेटच्या पट्ट्याने धरावा, ट्यूब फक्त आवाज आणि घासणे थांबवण्यासाठी वापरावी. मागे टांगलेल्या सायकलीचा टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हेही पाहावे. घाटात तासभर गरम धूर लागला तर रबर कायमचे बिघडते.

कायद्याची बाजू अनेकांना दंडाची पावती हातात आल्यावरच कळते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. परवानगीच्या मापाबाहेर माल आला तर कलम १९४ खाली २०,००० रुपयांचा दंड आहे. नंबर प्लेट किंवा मागचे दिवे सायकलीच्या चाकाआड गेले तर तो गुन्हा आहेच, शिवाय रात्री मागून येणाऱ्याच्या दृष्टीने ते जीवघेणे आहे. समोरच्या बुलबारवर काही टांगायचा तर विचारच नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबारवरच कारवाई करायला राज्यांना कळवले आहे. या सगळ्याचा विचार केला तर गाडीला कुठेही वेल्ड न केलेला, हौद्याच्या आत बसणारा आणि दहा मिनिटांत काढून ठेवता येणारा स्टँड यांत्रिक दृष्टीनेही सरस ठरतो आणि पोलिसांपुढेही. पिकअपवाल्यांनी तोच करावा.

सायकली गाडीवर वाहून नेण्याचे प्रसंग आता वाढले आहेत. पणजीत २० ऑक्टोबर २०१९ ला पहिली आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा झाली. तीत १.९ किलोमीटर पोहल्यावर ९० किलोमीटर सायकल असते आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर शर्यतही आहे. अशा लांब शर्यतींत स्पर्धकामागे मदतनीसांची गाडी असते आणि तिच्यावर राखीव सायकल हाताशी ठेवावी लागते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हाही त्यांच्यामागे गाड्यांचा आणि मदतनीसांचा ताफा होता. चाक पंक्चर झाले की गाडीवरची सायकल मिनिटभरात खाली आली पाहिजे. पकडीचा खटका सोपा असण्याचे मोल तिथे कळते.

स्टँड तयार झाल्यावर लगेच घाटाला निघू नये. सायकली चढवून एकीची फ्रेम हाताने जोरात हलवावी. सबंध गाडी डोलली पाहिजे. एकटा स्टँड डोलला तर जोड कमी पडतो आहे. मग प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी आणि पार्से-तुयेच्या आतल्या रस्त्यांवर दहा-बारा किलोमीटर गाडी फिरवून आणावी. रेघ जिथे तुटलेली दिसेल तो नट सैल झाला. तिथे नायलॉक नट आणि मोठा वायसर टाकावा, पाना फिरवावा, नवी रेघ ओढावी. पहिल्या चोर्ला फेरीत साखळीला चहासाठी थांबाल तेव्हा या रेघा पुन्हा एकदा पाहून घ्याव्यात.