ठिणगी कुठे हरवते?

बालमित्रांनो, आपल्या आंधळगावात धुऱ्यावरचे गवत कापायचे यंत्र तुम्ही पाहिलेच असेल. हौशी लोक त्याचे पेट्रोल इंजिन विमानाच्या मोठ्या प्रतिकृतीला बसवतात. लांब दांडा काढून पंखा लावतात. पण आकाशात ठिणगी बंद पडली, की विमान खालीच यायचे!

ठिणगी येते कुठून? इंजिनाच्या चाकात लोहचुंबक असते. ते कॉइलजवळून गेले, की कॉइलमध्ये वीज तयार होते आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला ६००० फेरे, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या!

माझे मामा ही यंत्रे दुरुस्त करतात. ते म्हणतात, "आधी फुकटचं पाहावं, मग पैशाचं." त्यांचा क्रम असा :

१. प्लग काळा, ओला असेल तर पुसून कोरडा करा. त्याची फट साधारण ०.६ मिलिमीटर हवी.
२. प्लगची टोपी घट्ट बसवा.
३. बंद करायच्या बटणाची तार पाहा. ती सोलून इंजिनाला टेकली, की वीज तिकडेच पळते.
४. चाक आणि कॉइल यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा.
५. एवढे करूनही ठिणगी नाही, तरच कॉइल बदला.

काही जण वजन कमी करायला चुंबकाचे जड चाक काढतात आणि ठिणगीसाठी बॅटरी लावतात. तिथे आधी बॅटरी तपासावी.

मात्र हे काम मोठ्या माणसांसोबतच करा. ठिणगी पाहताना पेट्रोल दूर ठेवा. आणि पंख्याजवळ बोट? कध्धीच नाही!